डोंगरावरचे आणि पायथ्याचे

नाटक पाहण्यापेक्षा नाटक सुटल्यानंतर घरी परतणाऱ्या मंडळींचे बोलणे ऐकणे आम्हास अधिक प्रिय आहे. आमच्या गोमंतकात जत्रेच्या रात्री देवळापुढील मंडपात नाटक होते. पडदा पडेपर्यंत पूर्वेस फटफटू लागते, आणि मग चहाच्या गाड्यावर जी दुसरी बैठक भरते तिला सूत्रधार नसतो, भरतवाक्यही नसते. राजा मुळातच दुष्ट होता की प्रधानाने त्याला तसा केला, सुनेने एवढे सोसायला हवे होते काय, तिसऱ्या अंकात पेटी का बेसूर झाली, एक ना दोन! या बोलण्यातून नाटकाविषयी फारसे कळते असे नाही. बोलणाऱ्याविषयी मात्र पुष्कळ कळते. ज्याचा भाऊ वाटणीवरून दुरावला आहे तो रंगभूमीवरील भावालाही क्षमा करीत नाही. ज्याचे कर्ज फिटलेले नाही तो सावकाराचे काम करणाऱ्या नटाची स्तुती सहसा करीत नाही, मग त्या बिचाऱ्याने जीव ओतून काम केलेले का असेना.

गेल्या पावसाळ्यात असे बोलणे ऐकण्याचा योग आम्हास सलग तेरा आठवडे आला. आमच्या शाळेतील चित्रकलेच्या सरांच्या घरी मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी-संच आला, आणि त्यांच्या भाच्याने 'आउटसायडर्स' नावाची एक अमेरिकन मालिका मामांना पाहण्यासाठी सुचविली. आषाढातील पाऊस, शनिवारची अर्धी शाळा, सरांच्या घरचा कढत चहा आणि आम्हां शिक्षकांची रिकामी संध्याकाळ असा सगळा मेळ जमून आला. मालिकेचे एकूण सव्वीस भाग. दर शनिवारी दोन, याप्रमाणे ती चतुर्थीच्या आधी संपली. मालिकेतील भाषा, हाणामारी व इतर काही गोष्टी पाहता ती विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखी मुळीच नाही, हे येथेच नमूद करून ठेवतो. वार्षिकांकात नाव आले म्हणजे गुरुजींची शिफारस झाली, असा अर्थ आमचे चतुर विद्यार्थी काढतात, हे आम्हास अनुभवाने ठाऊक आहे.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेतील केंटकी राज्यात, ॲपलेशियन नावाच्या प्राचीन पर्वतराजीत, शे नावाचा एक डोंगर कल्पिलेला आहे. त्यावर फॅरेल नावाचे एक कुळ पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहे. त्यांना पैसा ठाऊक नाही, सरकार मान्य नाही. त्यांची स्वतःची अशी थोडी भाषा आहे आणि कुळाच्या प्रमुखाला ते 'ब्रेनिन' म्हणतात. आरंभी हा अधिकार एका वृद्ध स्त्रीकडे आहे, आणि तो आपल्याकडे यावा म्हणून तिचा थोराड मुलगा उतावीळ झाला आहे. डोंगराखाली ब्लॅकबर्ग नावाचे कोळशावर जगलेले व कोळसा सरताच सुकलेले एक गाव आहे. डोंगराच्या पोटात कोळसा आहे. तो एका कंपनीला हवा आहे, आणि कागदोपत्री फॅरेलांचा डोंगरावर काहीएक हक्क नाही. त्यांना घराबाहेर काढण्याची नोटीस बजावण्याचे काम ज्या पोलीस अधिकाऱ्याकडे येते तो स्वतःच दुःखाने व वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने पोखरलेला आहे. पीटर मॅटेई यांनी निर्माण केलेली ही मालिका 2016 च्या जानेवारीत सुरू झाली आणि दोन पर्वांनंतर 2017 च्या एप्रिलमध्ये वाहिनीने ती बंद केली. त्यामुळे कथा संपत नाही, थांबते. शेवटच्या शनिवारी आमच्या मंडळींनी याबद्दल जी हळहळ व संताप व्यक्त केला तो पाहता, भाचा समोर असता तर त्याची धडगत नव्हती.

मालिकेच्या नावाचे भाषांतर आमच्या कोंकणीत एका शब्दात होते: 'भायले'. मराठीत 'बाहेरचे' किंवा 'उपरे' म्हणता येईल. पण 'भायले' या शब्दाला आमच्याकडे जी धार आहे ती त्यांना नाही. रोजगारासाठी आलेला मजूर भायला, जमीन विकत घेणारा शेठ भायला. आणि घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी शिकविणाऱ्या आमच्यासारख्यास हा शब्द कधी या अंगणात तर कधी त्या अंगणात, हसत हसत का होईना, ऐकावा लागतो. असो. मौज अशी की या मालिकेत भायले म्हटले जातात ते डोंगरावर आधीपासून राहत आलेले लोक. खालचे गाव मागाहूनचे, कंपनी तर त्याहूनही मागाहूनची. ज्याच्या हाती नोंदवही असते तोच आत कोण व बाहेर कोण हे ठरवितो, हा मुद्दा कथाकाराने नावातच ठेवून दिला आहे, आणि तो आम्हास फार आवडला.

आता मंडळींची मते. आमच्या गणिताच्या सरांचे मत पहिल्याच शनिवारी ठरले व तेराव्या शनिवारपर्यंत अढळ राहिले. ते म्हणत, "हे लोक कर भरीत नाहीत, मुलांना शाळेत घालीत नाहीत, खाली येऊन दुकानातील माल पैसे न देता उचलून नेतात. कायदा सर्वांना सारखा. एकाला सूट दिली की समीकरणच बिघडते." हिंदीच्या बाईंचे मत नेमके उलट. त्यांना फॅरेलांचे सारे काही मोहक वाटे. त्यांचे नाचणे, शेकोटीभोवतीचे गाणे, ना घड्याळ ना वेळापत्रक! "निसर्गाची लेकरं आहेत ती," असे त्या म्हणत, आणि ही लेकरे कुऱ्हाड उगारून एकमेकांच्या अंगावर जात तेव्हा डोळे मिटून घेत. तो प्रसंग संपला की त्या विचारीत, "झालं का?" मग डोळे उघडून पुन्हा निसर्गाकडे वळत. कुळातील एका भोळ्या तरुणाचे गावातील दुकानात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणीवर प्रेम बसते. हे कथानक आले की मात्र गणित आणि हिंदी यांच्यातील वैर मावळे व दोन्ही पक्ष माना पुढे काढून पाहत.

इतिहासाच्या सरांना ना कुळात रस होता ना प्रेमात. त्यांचे लक्ष कंपनीवर. ते मूळचे डिचोलीकडचे. पोर्तुगीज अमदानीत खनिजाचे परवाने कसे दिले गेले, 1987 च्या कायद्याने त्यांचे खाणपट्टे कसे झाले, 2012 मध्ये खाणी कशा थांबल्या, पुन्हा सुरू होऊन 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा कशा थांबल्या, हे सारे ते पडद्यावरील संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत सांगत. त्यांचे म्हणणे असे की, ब्लॅकबर्गमधील लोकांना नुसते लोभी ठरवू नका. खाण आली तर घरात चूल पेटेल, असे ज्याला वाटते त्याने डोंगराची बाजू कशी घ्यावी? खाण थांबल्यावर दाराशी उभे राहून गंजलेले ट्रक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा प्रश्न सोपा वाटत नाही. या तिन्ही मतांत आम्हास हेच मत सर्वांत वजनदार वाटले. तरीही तिघांच्या बोलण्यात एक गोष्ट समान होती. तिघेही पायथ्याशी उभे राहून वर पाहत होते. एकाला वर गुन्हेगार दिसत होते, एकीला वनदेवता, आणि एकाला खाणीचा प्रश्न.

अशा मालिका पाहिल्यावर ज्यांच्याविषयी त्या रचल्या जातात त्या प्रत्यक्ष डोंगराळ मुलखातील लोकांना काय वाटत असेल, हे आम्हास जाणून घ्यावेसे वाटले, आणि वाचनात जे आले ते या काल्पनिक कथेहून अधिक गुंतविणारे निघाले. ॲपलेशियन पर्वतातील माणूस म्हणजे दाढी वाढलेला, अडाणी, दारू गाळणारा व बंदूक रोखणारा, अशी एक प्रतिमा अमेरिकन करमणुकीत फार दिवसांपासून रूढ आहे. 1962 ते 1971 पर्यंत चाललेल्या 'द बेव्हर्ली हिलबिलीज' या मालिकेने त्या माणसाला लक्षाधीशांच्या वस्तीत नेऊन साऱ्या देशाला हसविले. पुढे 2002 मध्ये सीबीएस या वाहिनीने खरोखरीचेच एक गरीब ग्रामीण कुटुंब उचलून श्रीमंतांच्या हवेलीत ठेवायचे व त्याची फजिती चित्रित करायची, असा बेत केला. तेव्हा केंटकीतील व्हाइट्सबर्ग या लहानशा गावी असलेल्या 'सेंटर फॉर रूरल स्ट्रॅटेजीज' या संस्थेने त्याविरुद्ध मोहीम उघडली, वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या, आणि तो बेत बारगळला. कार्यक्रम पडद्यावर येण्याच्या आतच त्यावर प्रेक्षकांनी मत दिले आणि ते मत चालले, असे हे उदाहरण आहे.

त्याच परगण्यातील दुसरी हकीकत मात्र रक्ताने माखलेली आहे. 1967 मध्ये ह्यू ओकॉनर नावाचे एक कॅनेडियन चित्रपटकार केंटकीच्या लेचर परगण्यात खाणकामगारांच्या भाड्याच्या खोल्यांपाशी चित्रण करीत होते. ज्याचे चित्र घेतले जात होते त्या कामगाराची संमती होती. पण जागेचा मालक होबार्ट आयझन बंदूक घेऊन आला, त्याने मंडळींना निघून जाण्यास सांगितले, आणि मंडळी सामान उचलून निघाली असताना गोळी झाडली. ओकॉनर मरण पावले. पहिल्या खटल्यात पंचांचे एकमत होऊ शकले नाही. पुढे आयझनने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. शिक्षा दहा वर्षांची झाली, पण वर्षभरातच तो सुटला. खुनाचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु त्या भागातील अनेकांची सहानुभूती मारणाऱ्याकडे होती, ती का? त्या वर्षांत दारिद्र्यनिर्मूलनाच्या सरकारी मोहिमेमुळे बाहेरचे कॅमेरे त्या डोंगरात सतत फिरत होते, आणि देशभर दाखविली जात होती ती पडकी घरे व मळकी मुले. आपली गरिबी ही दुसऱ्याच्या पाहण्याची वस्तू झाली आहे, हा सल मनात धुमसत होता. त्याच पर्वतराजीत वाढलेल्या एलिझाबेथ बॅरेट यांनी 2000 साली या घटनेवर 'स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा' हा माहितीपट केला. तो व्हाइट्सबर्गच्याच 'ॲपलशॉप' या संस्थेतून निघाला. ही संस्था 1969 मध्ये तेथील तरुणांना चित्रपटकला शिकविण्यासाठी सुरू झाली होती. म्हणजे ज्यांच्याकडे कॅमेरा रोखला जात होता त्यांच्या मुलामुलींच्या हाती कॅमेरा आला, आणि त्यांनी पहिल्यांदा आपल्याच मुलखाला अवघड प्रश्न विचारले.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती अक्षरओळखीशी संबंधित आहे आणि आम्ही पडलो शिक्षक. फॅरेलांचा डोंगर कल्पित असला तरी डोंगराच्या पोटातील कोळसा कागदाच्या जोरावर काढून नेण्याची युक्ती कल्पित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी कंपन्यांच्या दलालांनी केंटकीतील डोंगरी शेतकऱ्यांकडून असे करारपत्र लिहून घेतले की, वरची जमीन तुमची, खालचे खनिज आमचे, आणि ते काढण्यासाठी जे जे करावे लागेल ते करण्याचा अधिकारही आमचा. मोबदला कधी कधी एकरी अर्धा डॉलर. लिहिता न येणाऱ्याने सहीच्या जागी फुली मारावयाची. पुढे डोंगर वरून सोलून काढणारी अवजड यंत्रे आली तेव्हा नातवंडांना कळले की आजोबांच्या फुलीत आपले शेत, विहीर आणि पूर्वजांची थडगीही गेली. 1965 च्या नोव्हेंबरात ऑली कोम्ब्स नावाची एकसष्ट वर्षांची विधवा आपल्या घरामागच्या उतारावर बुलडोझरपुढे आडवी झाली. तिला उचलून तुरुंगात नेले, आणि त्या देशातील कृतज्ञतेच्या सणाचे जेवण ती कोठडीत जेवत असतानाचे छायाचित्र सर्वत्र छापून आले. मालकाच्या संमतीवाचून जमीन अशी सोलता येणार नाही, ही दुरुस्ती केंटकीच्या राज्यघटनेत मतदारांनी केली ती 1988 मध्ये. एका फुलीची किंमत फेडावयास इतकी वर्षे लागली.

हे सर्व आम्ही एका शनिवारी मंडळींपुढे मांडले. गणिताचे सर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "करारपत्र वाचून पाहायला हवे होते." ते म्हणाले ते तसे बरोबरच आहे.

आमच्यात आणखी एक प्रेक्षक होता. त्याचा उल्लेख मुद्दाम मागे ठेवला. हा आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. सत्तरीतील डोंगरावरच्या एका धनगरवाड्यावरचा. आठवड्यातील सहा दिवस तो वाळपईस एका दुकानात हिशेब लिहितो आणि शनिवारी घरी जातो. बस जेथवर जाते तेथून पुढे चांगला तासाभराचा चढ आहे. ओढ्यांना पाणी आले की रात्रीचा चढ धोक्याचा, म्हणून पावसाळ्यात तो शनिवारची रात्र चित्रकलेच्या सरांकडे काढतो व रविवारी पहाटे वाट धरतो. दाराशी, चपलांच्या बाजूस, भिंतीला टेकून बसायची त्याची पद्धत. खुर्ची रिकामी असली तरी तो खुर्चीवर बसत नसे. मत कोणी विचारले नाही तर देत नसे. आणि खरे सांगायचे तर पहिले चार शनिवार ते कोणी विचारलेही नाही.

पाचव्या शनिवारी हिंदीच्या बाईंनी सहज विचारले, "काय रे, तुला काय वाटतं? तुमच्याकडं असंच असतं ना?" त्यावर तो हसला, आणि आमच्याकडे पाहून कोंकणीत म्हणाला, "सर, हातूंत दोंगर खंय आसा?" यात डोंगर कुठे आहे? आम्हास प्रथम वाटले की त्याला चित्रणस्थळाविषयी म्हणायचे आहे. मालिकेतील केंटकी हे प्रत्यक्षात पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्गच्या आसपास चित्रित केलेले आहे. पर्वतराजी तीच, पण राज्य वेगळे. त्याचा मुद्दा तो नव्हता. त्याचे म्हणणे असे: हे लोक दारू पितात, भांडतात, प्रेम करतात, सभा भरवितात, पण कामाला कधी जातात? कोणी पाण्याला गेलेले दिसले काय? संध्याकाळी एक म्हैस परतली नाही म्हणून चौघे जण कंदील घेऊन निघाले, असे एकदा तरी झाले काय? पावसाळ्याच्या आधी छपराचे गवत कोणी बांधले? आजारी माणसाला झोळीत घालून खाली कोणी आणले? "डोंगरावर राहणं म्हणजे सगळा वेळ चढणं आणि उतरणं, सर. यांना दम लागलेला एकदासुद्धा दाखवलेला नाही."

तेथे जमलेल्या पाच पदवीधरांपैकी एकालाही हे सुचले नव्हते. मालिकेत शिकार आहे, थोडेफार कामही दिसते. परंतु ते देखाव्यापुरते, हे त्याने सांगितल्यावर सर्वांना दिसू लागले. नुकतीच संपलेली मारामारीसुद्धा कुणालाही धाप न लागता झाली होती. त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी हिंदीच्या बाई "याला दम लागला नाही बरं का," असे बोलून दाखवू लागल्या. त्यांचा मोह ओसरला नाही, पण त्यांचे डोळे पूर्वीपेक्षा अधिक वेळ उघडे राहू लागले.

त्याने पसंतीची मोहोर उमटविली ती एकाच गोष्टीवर, आणि ती आम्हास सर्वांत अतिशयोक्त वाटलेली. आसा नावाचा एक फॅरेल तरुण डोंगर सोडून बाहेरच्या जगात दहा वर्षे राहून परत आलेला असतो. त्याच्या परत येण्याची शिक्षा म्हणून कुळ त्याला सहा महिने एका पिंजऱ्यात डांबते. इतिहासाचे सर म्हणाले होते, "हे मात्र जास्तच झालं." दाराशी बसलेला प्रेक्षक म्हणाला, "ते खरं आहे, सर." मग बऱ्याच वेळाने, चहा घेताना, त्याने आपण होऊन सांगितले. आठवीपासून तो वसतिगृहात राहून शिकला. दहावी झाल्यावर वाड्यावर परतला तेव्हा कोणी काही बोलले नाही. ताट वाढले, घोंगडी दिली. परंतु गुरांमागे जाताना त्याला कोणी हाक मारीना. मोठी माणसे बोलत असली की तो आल्यावर बोलणे थांबे. धार काढायला बसला तर चुलता म्हणे, "राहू दे, तुझे हात आता वहीचे." असे सहा-सात महिने गेले. "पिंजरा असता तर बरं झालं असतं, सर. कधी उघडणार ते तरी कळलं असतं."

त्याच्या हाती वही आम्ही दिली. त्याचा आम्हास पश्चात्ताप नाही, आणि असावा असेही आम्हास वाटत नाही. परंतु त्याच्या बोलण्यानंतर गणिताच्या सरांचे 'मुलांना शाळेत घालीत नाहीत' हे वाक्य आमच्या कानात पूर्वीसारखे सरळ उतरेनासे झाले. शाळा आणि डोंगर यांच्या मधला चढ कोणी चढावयाचा, याचा विचार आमच्या अभ्यासक्रमात नाही. शाळा पायथ्याशी आहे. चढणे-उतरणे मुलाने एकट्याने करावयाचे.

पायथ्याची मते किती लवकर तयार होतात हे आम्ही पूर्वीही पाहिले होते. 2020 च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात गोळावली येथे एक वाघीण व तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले. विषप्रयोगाच्या संशयावरून डोंगरात गुरे पाळून राहणाऱ्या काही माणसांना अटक झाली. त्यांची गुरे वाघाने मारली होती असे वृत्त आले. चार वाघ जाणे ही लहान हानी नव्हे, आणि तिचे दुःख आम्हासही झाले. पण त्या दिवसांत बसमध्ये, बाजारात, शिक्षक-कक्षात जी मते ऐकू आली ती आठवली म्हणजे वाटते की ही मालिका आम्ही आधीच एकदा पाहिली होती. एक पक्ष म्हणे, जंगली लोक, हाकलून द्या. दुसरा म्हणे, बिचारे भोळे, त्यांना काय कळते! मेलेल्या म्हशीची किंमत आणि ती गेल्यावर घरात दूध कोठून येणार, हे विचारणारा आवाज फार थोडा होता. पुढे 2023 च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई व लगतच्या वनक्षेत्राला तीन महिन्यांत व्याघ्रप्रकल्प घोषित करावे असा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हाही वर राहणाऱ्यांचे काय, या प्रश्नावर खालीच हिरिरीने वाद झाले. आम्हास स्वतःला वाघही हवा आहे आणि वाडाही. दोन्ही एका डोंगरावर कसे नांदतील हे ठरविताना वाड्यावरच्या माणसाला दाराशी, चपलांपाशी बसवू नये, एवढे आमचे मत आहे. ते कोणी विचारले नसले तरी येथे नोंदवून ठेवतो.

शेवटच्या शनिवारी मालिका अर्ध्यावर थांबली आणि सर्वांनी एकदम बोलण्यास सुरुवात केली. कुळाचे पुढे काय झाले असेल? गणिताच्या सरांनी कंपनी जिंकते असा निकाल दिला. हिंदीच्या बाईंनी तो अमान्य केला. गलका ऐन भरात असताना आमच्या या माजी विद्यार्थ्याने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला व आम्हास बाजूला नेले. त्याच्या वाड्याला आलेली ती एक इंग्रजी नोटीस होती. कोणत्या कार्यालयाची हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. तो ती आधीच अनेकदा वाचून आला होता. वहीच्या पानावर त्याने सुवाच्य अक्षरांत तिचे मराठी केले होते. दुसऱ्या दिवशी वाड्यावरच्या मोठ्या माणसांना ते वाचून दाखवायचे होते. आम्ही दोन तारखा तपासल्या, एका कलमाचा अर्थ सांगितला. बाकी भाषांतर चोख होते.

एकाच शब्दापाशी तो अडला होता. नोटिशीत त्याच्या आज्याचे नाव होते, आणि नावापुढे 'अतिक्रमण करणारा' या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. तो म्हणाला, "सर, आजो इथेच जन्मला. त्याचा बापसुद्धा. हा शब्द वाचला की तो विचारणार, आम्ही कुणाच्या जागेत घुसलो?" आम्ही सुचविले की, वाचून दाखवताना 'राहणारा' असे म्हण, म्हातारा माणूस, उगाच दुखावेल. त्याने पेन्सिल हातात घेतली, कागदावर टेकविली, आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली. आतल्या खोलीत कंपनी की कुळ यावर अजून मतदान चालले होते.

"नको, सर," तो म्हणाला. "कागदात काय लिहिलं आहे ते त्याला कळलं पाहिजे. उत्तर त्यालाच द्यायचं आहे." त्याने 'अतिक्रमण करणारा' हे शब्द तसेच ठेवले, त्यांखाली बारीक रेघ ओढली, आणि त्या जागी आपण थांबणार आहोत हे लक्षात राहावे म्हणून समासात एक खूण केली. मग कागद पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्याने विचारले की उत्तर अर्जाच्या रूपात लिहावे की पत्राच्या, आणि आम्ही दोघे त्याच्या वहीचे पुढचे कोरे पान उघडून बसलो.